वाटाण्याएवढं मलम

४ जानेवारी

सभा जोरात झाली. गोरं करणाऱ्या मलमांविरुद्ध मी बरेच दिवस ठिकठिकाणी बोलते आहे, पण लोकांनी घरातल्या ट्यूबा आणून चौकात माझ्यासमोर ओतल्या, हे आज पहिल्यांदाच घडलं. "ज्यानं चेहऱ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते ते औषध नव्हे, तो दरोडा आहे!" या वाक्याला लोक उठून उभे राहिले. एक बाई अर्धी भरलेली ट्यूब घेऊन पुढे आली. म्हणाली, "ही मला डॉक्टरांनीच दिलीय, हाताच्या इसबासाठी. पण तुम्ही म्हणता ते स्टेरॉइड यातही आहे." मी म्हटलं, "मग विचार कसला करता? टाका." तिनं टाकली. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या. ढीग पेटला तेव्हा जळक्या रबराचा वास सुटला, तो अजून माझ्या केसांत आहे.

व्यासपीठावर सगळे बसलेले, मी एकटी उभी. आयोजक माइकवर म्हणाले, "बाई खुर्चीला शिवतसुद्धा नाहीत, हेच त्यांचं तेज!"

कसलं डोंबलाचं तेज. बसलं की खाली चिरतं.

हे फक्त इथे लिहिते. इथे कुणी टाळ्या वाजवत नाही.

१० जानेवारी

तिसरा डॉक्टर. पहिल्यानं टेबलापलीकडूनच बुरशीच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसरीनं वय विचारलं, उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "या वयात कोरडं पडतंच हो." जशी काही मी विहीर आहे. आजचे महाशय मोठे, भिंतभर प्रमाणपत्रं. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मिस्टरांचं बाहेर कुठे काही...?"

मी म्हटलं, "मिस्टर वारले, त्याला बरीच वर्षं झाली. तिकडे काही चालू असेल तर मला कल्पना नाही."

मग पडदा ओढला, हातमोजे चढवले, लांबूनच एकदा वाकून बघितलं आणि नासलेल्या दुधाचं झाकण उघडल्यासारखं तोंड केलं. "स्वच्छता ठेवत जा."

मला! माझ्या घरातल्या दाराच्या कड्यासुद्धा आठवड्याला धुतल्या जातात. येताना जंतुनाशकाची मोठी बाटली घेतली, बादलीत ओतली आणि घासून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. जळतंय म्हणजे साफ होतंय. आता सकाळ-दुपार-संध्याकाळ हेच करायचं. मला माझ्याच अंगाची किळस येते, आणि त्या माणसाच्या तोंडाची त्याहून जास्त.

१६ जानेवारी

घरात आम्ही तीन बायका आणि न्हाणीघर एक. मुलगा जहाजावर असतो, तो सुटला. सकाळी सून नोकरीच्या मुलाखतींच्या घाईत, मी बादली घेऊन दाराशी, आणि आत माई. माझी आई. ऐंशीच्या पुढे गेली, पण त्या खोलीचा ताबा सोडत नाही. थंड पाण्याचे तांबे ओतत बसते. दार ठोठावून ठोठावून माझी बोटं दुखतात. "माई, किती वेळ?" आतून उत्तर नाही, फक्त पाणी.

बाहेर आली तरी हात पांघरुणाखालीच. आज माझ्या संघटनेची माणसं भेटायला आली होती, त्यांच्यासमोरही तेच. खुर्चीत नीट बसायचं नाही, कडेला एका कुल्ल्यावर टेकायचं, आत्ता उठून पळणार असल्यासारखं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "माई, हात वर घे." ती खणखणीत म्हणाली, "हात माझा आहे. तुझा तू सांभाळ." माणसांनी छताकडे बघितलं.

म्हातारपणी लोकांना असल्या घाणेरड्या सवयी लागतात. ती मी शाळेत जायचे तेव्हाही अशीच होती म्हणा.

२१ जानेवारी

आज आरसा घेतला. जगातल्या उलथापालथींवर मी कपाटं भरून वाचलं, शेकडो सभा घेतल्या, पण स्वतःचा हा भाग कधी पाहिला नव्हता. आज पाहिला. मांसाचा रंगच नाही. पांढरं, मेणचट, चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या पातळ कागदासारखं. मधे एक लाल चीर, ओली. आणि आतले ओठ? शरीरशास्त्राचं पुस्तक काढून शेजारी धरलं. चित्रात आहेत, माझ्यात नाहीत. खोडरबरानं खोडावं तसे गेलेत.

डाव्या बाजूला एक खरबरीत ठिपका. कॅन्सर. शब्द लिहून बघितला. लिहिल्यावर लहान होईल असं वाटलं होतं.

२८ जानेवारी

शेवटी सुनेला सांगावं लागलं. तिनं एक शब्द न विचारता त्वचेच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि स्वतः घेऊन गेली. तिच्यापुढे मान खाली गेली, हे मला मुळीच आवडलं नाही.

डॉक्टर पोरसवदा, सर्दीनं नाक लाल झालेली. पण तिनं बघितलं म्हणजे बघितलं. दिवा ओढला, स्टुलावर बसली, भिंग लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नाही, दाराची बिजागरी तपासणाऱ्या सुताराच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच.

"धुता कशानं?"

बाटलीचं नाव सांगितलं.

"फरशी धुताय का?" ती म्हणाली. "आजपासून साबणसुद्धा नाही. साधं पाणी, आणि टिपून कोरडं करायचं."

आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. फार लोकांना होत नाही, आणि ज्यांना होतो त्यातल्या बऱ्याच जणी सांगत नाहीत. घाणीनं होत नाही, कुणाकडून लागत नाही. शरीराचं संरक्षक दळच आपल्या कातडीवर चालून जातं. "घरात आणखी कुणाला? आईला, बहिणीला?"

"बहीण नाही. आणि माझ्या आईला? छे! तिला कधी साधं डोकं दुखल्याचं आठवत नाही मला."

त्या ठिपक्याचा तांदळाएवढा तुकडा सुई देऊन काढला. तपासायला पाठवलाय. घरी येताना सून गाडी खड्ड्यांतून इतकी हळू चालवत होती की मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या.

५ फेब्रुवारी

कॅन्सर नाही. हे वाक्य ऐकून मी खुर्चीत बसले आणि किंचाळले, कारण बसले होते.

आणि मग तिनं कागदावर लिहिलं ते मलम. सर्वांत कडक स्टेरॉइड. मी म्हटलं, "तुम्ही मला ओळखत नाही."

"ओळखते की. चौकात ट्यूबा पेटवणाऱ्या तुम्हीच. त्यानंतर माझे काही पेशंट औषध सोडून बसलेत." नाक शिंकरून पुढे म्हणाली, "गोरं व्हायला तोंडाला फासणं वेगळं. त्यावर तुम्ही बोलता ते बरोबर आहे. इथे कातडी आजारानंच खाल्लीय. लावलं नाही तर जे उरलंय तेही मिटेल. कॅन्सरची भीती मलमानं नाही, मलम न लावल्यानं आहे. रोज झोपताना वाटाण्याएवढं. महिन्यानंतर दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. ही ट्यूब तीन महिने पुरते. आधी संपली तर मी समजेन तुम्ही फासताय."

जेवताना मी टेबलावर ट्यूब आपटली आणि आतला कागद माई आणि सुनेसमोर मोठ्यानं वाचला. "बघा! 'नाजूक भागावर लावू नये.' छापलंय! आणि ती पोरगी म्हणते लावा. पांढरं पडलेलं, मिटत चाललेलं सगळं म्हणे थांबेल. हे विष मी स्वतःला लावू?"

माईचा घास हातातच राहिला. "पांढरं पडतं म्हणालीस?"

"हो."

"आणि मिटून जातं?"

"माई, जेवताना नको."

"विषय तू काढलास. मी फक्त विचारलं."

सून पाणी प्यायला लागली. बहुतेक हसू लपवायला.

१४ फेब्रुवारी

तत्त्व न सोडता मार्ग काढला होता: काडीच्या टोकावर मावेल एवढंच मलम, तेही व्हॅसलीनमध्ये कालवून. काहीही फरक नाही. रात्रभर नखं, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, "आगीवर चमच्यानं पाणी टाकताय. सांगितलंय तेवढं लावा, नाहीतर परत या आणि माझ्याशी भांडा, पण वेळ घालवू नका."

भांडायला माझी ना नव्हती. पण चालताना चड्डीची शिवण घासते आणि सगळे मुद्दे विसरायला होतं. आज वाटाण्याएवढं लावलं. पांढरं, चिकट, थंड, चरबीसारखं. बोट तीनदा धुतलं तरी बुळबुळीत. मी ज्याला चौकात जाळलं ते आता माझ्या मांड्यांमध्ये आहे. थू.

२५ फेब्रुवारी

खाज कमी झाली. ओंगळ गोष्ट आहे, पण खरी आहे. आज संघटनेच्या बैठकीत मी खुर्चीवर बसले, चहा संपेपर्यंत. चिटणीसांनी काळजीनं विचारलं, "बाई, बरं नाही का?"

संध्याकाळी माई म्हणाली, "किती लावतेस गं ते?"

"वाटाण्याएवढं."

"हिरव्या की वाळलेल्या?"

माईचं हल्ली असंच. कशाचाही छडा लावत बसते. मी म्हटलं, "हिरव्या. झालं समाधान?" तिनं मान डोलावली, मोठ्या गंभीरपणे.

४ मार्च

ट्यूब हलकी लागली. महिना जेमतेम उलटतोय आणि निम्मी सपाट. मी हिरव्या वाटाण्यापलीकडे गेलेली नाही.

९ मार्च

आता शंका उरली नाही. ट्यूब मी शब्दकोशांच्या मागे लपवली होती आणि तिच्या घडीवर पेनानं रेघ मारली होती. आज रेघ आत गुंडाळली गेलीय.

आणि सून उजळलीय. नोकरी लागल्यापासून चेहरा तकतकीत, गाल गुलाबी. कालच शेजारीण म्हणाली, "काय लावतेस गं?" आणि ही लाजून हसली. लाजून! हजार घरांत मी हीच कथा ऐकली आहे. घरातल्या एकीला डॉक्टर देतो, दुसरी गुपचूप तोंडाला लावते. माझ्या घरात, माझ्या शब्दकोशांमागून, माझ्या मांडीत लावायच्या मलमातून! आणि त्यामुळे माझं औषध अर्ध्यावर संपणार, मी पुन्हा त्या पांढऱ्या कागदात परत जाणार.

घरात एक तरी बरी बातमी: माईला नवी उशी आणून दिली ती मानवली. आता खुर्चीत मागे टेकून बसते. सकाळी न्हाणीघरही लवकर रिकामं करते. उशीसारखी साधी वस्तू, पण नीट निवडावी लागते.

१३ मार्च

मी सुनेचं कपाट उचकलं. लिहिते, कारण केलं. एक साधं मॉइश्चरायझर आणि ओठांना लावायची कांडी सापडली. ती दारात उभी होती.

"काय शोधताय, आई?"

"तुला माहीत आहे."

"नाही. सांगा."

सांगितलं. बोलायला लागले की मी थांबत नाही, हा माझा धंदाच आहे. पिळवणूक, बाजार, बायकांची गुलामी, सगळं त्या कपाटासमोर काढलं. माई तिच्या खुर्चीत बसून ऐकत होती. एकदा "अगं..." म्हणाली. मी म्हटलं, "माई, तू मधे पडू नकोस."

सून शांतपणे म्हणाली, "भाषण झालं? मी सकाळी चालायला जाते, म्हणून चेहरा बरा दिसतो. आणि तुमच्या तिथलं मलम मी तोंडाला लावीन? मला किळस नाही येणार?"

बॅग भरून ती बहिणीकडे गेली. जाताना माईच्या पाया पडली, माझ्या नाही.

किळस. तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि त्या प्रमाणपत्रवाल्याचं तोंड आठवलं. मी गाडीत तिच्या शेजारी बसले होते तेव्हाही तिला हेच वाटत होतं का?

२० मार्च

मुलाचा फोन आला. आवाज खरखरत होता तरी राग स्वच्छ ऐकू आला. "आई, घर आहे ते, सभा नाही." ठेवून दिला.

ट्यूब आज पुन्हा खाली गेलीय. सून घरात नाही.

मग मीच झोपेत जास्त लावते का? की आता कामवाली...? नाही. एकदा तोंडघशी पडले ते पुरे. काही सुचत नाही. माई सकाळपासून गुणगुणते आहे, तिचं काय जातंय.

२१ मार्च

सकाळी लिहायला बसले होते. माई आली आणि कागदावर ट्यूब ठेवली. चपटी, शेपटीपासून तोंडापर्यंत नीट गुंडाळलेली.

"संपली. दुसरी आण. मोठी मिळते का बघ."

"तू?"

"मग काय मांजर?"

"माई, तुला... तुला कशाला?"

"तुला कशाला ते मला कशाला." ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. पूर्ण बसली. "पांढरं पडतं, मिटतं, चिरतं. तू जेवताना माझंच वर्णन वाचत होतीस."

"कधीपासून?"

"तू पोटात नव्हतीस तेव्हापासून."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? मला वाटलं बाईचं असंच असतं. माझी आई म्हणायची, थंड पाणी घे. घेतलं."

"पण आता तरी मला सांगायचंस!"

"तुला? तू ते चौकात पेटवतेस. आणि माझा हात पांघरुणाखाली गेला की नाक मुरडतेस. तुला सांगू?"

मी म्हटलं, "सुनेला मी चोर ठरवत होते, तू समोर बसून ऐकत होतीस." तेव्हा मात्र तिची मान खाली गेली. "ते माझं चुकलं. उद्या सांगीन, उद्या सांगीन म्हणत राहिले. पण सांगितलं असतं तर तू ट्यूब काढून घेतली असतीस. मला पहिल्यांदा झोप लागत होती गं."

तिच्याकडे बघून मला नेहमी येते ती किळस येईल म्हणून मी वाट पाहिली. ती आली नाही. दाराचा आवाज आठवला, माझ्या बोटांचा. माई, किती वेळ? माई, किती वेळ? आणि आत पाणी. उठून मोरीत ओकले. माई पाठीवर हात फिरवत होती. तोच हात.

२२ मार्च

सुनेला फोन केला. मी तयारी केली होती, तीन मुद्दे काढले होते. तिनं पहिल्याच मुद्द्यावर अडवलं. "म्हणजे माईंना इतकी वर्षं हेच होतं?"

"हो."

"डॉक्टरची वेळ मी घेते. तुमचं-माझं नंतर बघू." मग म्हणाली, "आणि ती किळस मी रागात म्हटली. पण कपाट तुम्ही शुद्धीवर असताना उचकलंत."

२७ मार्च

माईला नेलं. सून थेट दवाखान्यात आली, माईशी बोलली, माझ्यासाठी शेजारची खुर्ची रिकामी ठेवली, बस्स.

तपासणीला माईबरोबर आत मी गेले. माई म्हणाली, "थांब इथेच, तुलाही कळू दे." डॉक्टरनं दिवा ओढला. मी पाहिलं. तिथे जवळजवळ काही उरलेलंच नाही. सगळं मिटून एक पांढरी सपाट जागा, आणि लघवीपुरती वाट. इथून मी आले. कडेला एक जाड, उंचवटलेला डाग.

डॉक्टरच्या चेहऱ्यावर आज काहीतरी होतं. "आजी, हे फार आधी दाखवायला हवं होतं."

"कुणाला?" माईनं विचारलं.

डागाचा तुकडा काढला. सुई टोचताना माईनं माझं मनगट धरलं, पण तोंडानं म्हणाली, "घे बाई हवं तेवढं. त्याचा मला काही उपयोग नाही."

निघताना डॉक्टरनं मला थांबवून विचारलं, पुढच्या सभेत काय बोलणार. मी म्हटलं, माहीत नाही. त्या इसबवाल्या बाईचा ठावठिकाणा आयोजकांकडे विचारला होता. कुणाकडेच नाही. तिच्या बोटांच्या भेगा मात्र मला पाठ आहेत.

५ एप्रिल

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला आहे. पेशी बिघडल्या आहेत, अजून आत उतरलेल्या नाहीत. तेवढा भाग कापून काढायचा, मग मलम कायमचं, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. "उशीर झालाय," डॉक्टर म्हणाली, "पण फार नाही." माईनं फक्त एवढंच विचारलं की कापल्यानंतर मलम बंद तर करणार नाही ना.

दोन ट्यूबा घेतल्या. माईनं माझ्या पेनानं एकीवर स्वतःचं नाव घालायला लावलं. "तुझा भरवसा नाही. उद्या माझंच कपाट उचकशील." सून हसली. माझ्याकडे बघून नव्हे, पण माझ्यासमोर हसली.

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या. शस्त्रक्रियेची तारीख घेऊन मी वळले, तर माई एका खुर्चीत मागे टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐसपैस बसलेली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तुमचं झालंय ना? खुर्ची हवी होती."

माईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला घरी जायची घाई नाही, हिला उभं राहायची सवय आहे. मी बसते जरा."

मी उभी राहिले.